सव्वापाच मुठी

कुळाची देवी कानबाई यंदा धुळ्याला यादवच्या घरी बसणार, हे चार वर्षांपूर्वीच ठरलेलं होतं. त्यात नवल काही नव्हतं. भाऊबंदांची चार घरं, चार पाळ्या. गेल्या श्रावणात पारोळ्याच्या धनसिंगची झाली, यंदा यादवची, पुढल्या वर्षी जळगावच्या मोतीलालची, मग असोद्याच्या जीवरामची. नवल होतं ते यादव ती बसवणार कशी, याचं. अक्षय्य तृतीयेची आखाजी झाल्यापासून भाऊबंदकीत दुसरा विषय नव्हता. लग्नात भेटा, दहाव्याला भेटा, माणसं आधी हसून-रडून घ्यायची आणि मग हळूच विचारायची, का हो, यादवचं कसं होणार?

विचारणाऱ्यांना दोष तरी काय द्यायचा! यादव धुळ्याच्या बाजारात मापाडी. पोत्यामागे मजुरी. व्यापाऱ्यांनी भुईकाटा आणला, भरली गाडीच काट्यावर चढायला लागली, तेव्हापासून मापाड्याच्या हाताला आठवड्यातून तीन दिवस काम. त्यात हे एक्क्याण्णव साल. जुलैच्या बजेटात ग्यास चढला, रेशनची साखर चढली, गोड्या तेलाचं तर नाव काढू नये. ज्याच्या घरी पगार होता तोही कण्हत होता. यादवच्या घरी पगार नव्हता, पाच तोंडं होती. आणि कानबाई म्हणजे अख्खी भाऊबंदकी दोन दिवस जेवायला.

मोतीलालनं यावर उपाय काढला होता. पारोळ्याच्या लग्नात त्यानं तो चारचौघांत सांगितलाही होता. यंदाचं सगळं धान्य मी आणतो, म्हणाला, यादवला तोशीस नको. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. पण घरी गेल्यावर प्रत्येकाला आपल्या कुळातला जुना बोल आठवला, की ज्याचं धान्य त्याची कानबाई. रोटाचे, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू घरोघरचे यायचे असतात, माणशी सव्वापाच मुठी. ते एकाच घरचे आले की देवी त्या घरची झाली, पाळी मोडली. मोतीलालनं जळगावला नवा बंगला बांधला होता, खाली मोठा हॉल, हॉलला संगमरवराची ओटी. ती ओटी कशासाठी, हे आतापर्यंत कुणी विचारलं नव्हतं. आता विचारायची गरज उरली नाही.

शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास त्याची पांढरी व्हॅन गल्लीच्या तोंडाशी थांबली, कारण गल्लीत ती मावत नव्हती. ड्रायव्हरनं पोतं खांद्यावर घेतलं. मागून तुपाचा डबा, डाळीची गोणी, गुळाची ढेप. साऱ्या गल्लीनं दारात येऊन पाहिलं. यादव ओट्यावर उभा होता. पोतं उंबऱ्याशी टेकलं तसा तो त्याच्या आडवा झाला नाही, पण बाजूलाही झाला नाही.

"भाऊ, एवढं कशाला आणलं?"

"तुझं-माझं करू नको," मोतीलाल म्हणाला. "सिहोरचा गहू आहे, निवडलेला. पोरींना निवडायचा त्रास नको."

यादवनं ते सगळं ओट्यावरच ठेवायला लावलं. आत नेलं नाही. संध्याकाळी माप होईल तेव्हा पाहू, एवढंच तो म्हणाला. मोतीलालला त्याचा राग आला नाही, उलट कीव आली, आणि कीव आल्याचं तोंडावर दिसलं. यादवच्या मनाला तेच लागलं. लहान होता तेव्हा हाच भाऊ त्याला खांद्यावर बसवून गिरणा ओलांडायचा. आता तोच गव्हाचं पोतं घेऊन आला होता आणि यादवला ते पोतं छातीवर ठेवल्यासारखं वाटत होतं.

*

केसरबाईला म्हणजे मोतीलालच्या बायकोला मात्र पोत्यात रस नव्हता. तिला स्वैपाकघर बघायचं होतं.

ती वाईट मनाची बाई नव्हती. पण डोळे फार. जळगावहून येताना सारा रस्ता ती हाच हिशेब मांडत आली होती की कमलबाई, आपली धाकटी जाऊ, दोन दिवस एवढ्या माणसांना खीर, डाळ, भाजी, चहा पुरवणार तो कुठून? रोटाचं पीठ भाऊबंदांचं, पण बाकी सगळं पाळीवाल्याचं. आणि त्यात उणं पडलं की मोतीलालचं पोतं आत जाणार, हे केसरबाईला ठाऊक होतं. तसं व्हावं अशीच तिची इच्छा होती. बंगल्याच्या ओटीवर बसायला कोणीतरी हवंच होतं.

कमलबाई परसात भांडी घासत होती. केसरबाई पाणी प्यायच्या निमित्तानं आत शिरली.

आत सगळं लख्ख. भिंतीशी भुशाची शेगडी, ठासून भरलेली, उद्यासाठी तयार. एक भली मोठी गूळढेप, फडक्यात बांधलेली. मडकंभर हरभऱ्याची डाळ. कोपऱ्यात सहा गंगाफळं, म्हणजे लाल भोपळे, एकावर एक. केसरबाई चकितच झाली. गंगाफळ बाजारात काय भावानं आहे हे तिला माहीत होतं.

तेवढ्यात यादवची थोरली, उषा, आत आली. केसरबाईनं सहज विचारल्यासारखं विचारलं आणि पोरीनं सहज सांगून टाकलं. गंगाफळाच्या बिया आईनं वैशाखातच न्हाणीच्या पाण्यावर लावल्या, वेल पत्र्यावर चढवला. उन्हाळाभर आई पेठेतल्या चार घरी ज्वारीचे बिबडे आणि पापड करायला गेली. मजुरी पैशानं घेतली नाही. कुणाकडून गूळ ठरवला, कुणाकडून डाळ. पैसे हातात आले की खर्च होतात, काकू, गूळ फडक्यात बांधला की राहतो, असं आई म्हणते. आणि आपल्या पाच जणांच्या रोटाचे गहू? तेही आहेत. आखाजीपासून रोज दळायला काढताना आई त्यातली एक मूठ मागे टाकते. रेशनचे लाल गहूच आहेत, पण आहेत.

पोर बादली घेऊन गेली. केसरबाई तिथंच उभी राहिली. सगळा उलगडा झाला होता, तरी तिचं कुतूहल काही शमेना. फळीवर पितळेचे चार डबे होते, घासून सोन्यासारखे केलेले. सगळ्यात मोठा गव्हाचा. तिनं झाकण उघडलं. काठोकाठ गहू. तिला बरं वाटलं, आणि का कोण जाणे थोडं वाईटही वाटलं. सवयीनं तिनं धान्यात हात घातला, धनुरकिडा लागलाय का पाहावं म्हणून.

चार बोटं आत गेली आणि टणक काहीतरी लागलं. डब्यात पालथं पातेलं होतं. त्याच्या वर चार बोटं गहू पसरलेले. तिनं शेजारचा तांदळाचा डबा उघडला. तिथंही तसंच, फक्त पातेल्याऐवजी तांब्या.

केसरबाईनं दोन्ही झाकणं लावली.  चोपड्याला तिची आई हेच करायची. दुष्काळाच्या साली व्याही यायचे होते तेव्हा आईनं कणगीत उसाचं पाचट भरून वर ज्वारी पसरली होती आणि केसरबाईला दम दिला होता, की कणगीला टेकून बसायचं नाही. ती तेव्हा आठ वर्षांची होती. इतक्या वर्षांत तिनं ही गोष्ट नवऱ्यालाही सांगितली नव्हती. म्हणजे कानबाईचे दोन दिवस कमलबाई निभावून नेणार, तिला वाटलं, पण मंगळवारी हे लोक खाणार काय? उन्हाळाभर जे जमवलं ते सगळं तर आपल्याच पानात पडणार आहे.

ती बाहेर आली. ओट्याच्या सावलीत आदल्या दिवशीच आलेली नर्मदाबाई बसली होती. थोरल्या भावाची विधवा, सत्तरीची, कुळातली सगळ्यात मोठी बाई. मुठीचं माप तिच्या हाताचं असायचं, चारही घरांत. मूळची साक्रीकडची, असोद्यात पन्नास वर्षं काढली तरी तिची अहिराणी सुटली नव्हती. केसरबाई तिच्याशेजारी टेकली.  मग डब्यांचं सांगितलं, दोन वाक्यांत, आणि मग उगाच विचारावं तसं विचारलं.

"मोठी माय, पूर्वी माप कसं टाकायचे हो? आलेल्यांचं की सगळ्यांचं?"

नर्मदाबाईनं तिच्याकडं पाहिलं. पूर्वी जे आले त्यांचंही आणि जे नाही आले त्यांचंही, ती म्हणाली. सुरतेला कामाला गेलेल्याचंसुद्धा. नाव कुळातलं, तर मूठ कुळातली. महागाई आली तसं माणसं हुशार झाली, जे येतील त्यांच्यापुरतंच आणू लागली, आणि आपणही काही बोललो नाही. उरेल ते पीठ कुणाचं, हे केसरबाईनं विचारलं नाही. ते सगळ्यांनाच माहीत होतं. उरेल ते ज्या घरी कानबाई बसली त्या घरचं. पौर्णिमेच्या आत संपवायचं. टाकायचं नाही, विकायचं नाही, कुळाबाहेर घासभरही द्यायचं नाही.

मग म्हातारीनं आपला उजवा हात मांडीवर पालथा ठेवला आणि त्याच्याकडं बघत बसली.

*

दुपारी चारपर्यंत सगळे आले. सख्खा भाऊ जीवराम असोद्याहून आपल्या आठ माणसांनिशी एस.टी.नं आला, बरोबर वांग्यांचं पोतं. पारोळ्याहून चुलत भाऊ धनसिंग आला, त्याच्या दहातले आठ आले. मोतीलालच्या घरचे सहा. बाकीचे कुठे, असं कुणी विचारलं की मोतीलाल सांगायचा, एक पुण्याला, एक फॅक्टरीत, सुनांना सुट्टी नाही, पोरांच्या परीक्षा. श्रावणात कसली परीक्षा, हे कुणी विचारलं नाही. आलेल्यांतल्या नातीनं फ्रिज कुठंय म्हणून विचारलं तेव्हा उषानं तिला माठाकडं नेलं.

जीवरामची अवस्था अवघड होती. पारोळ्याच्या लग्नात त्यानं मोतीलालच्या बाजूनं मान डोलावली होती, कारण त्याच्या पोराला मोतीलालच्या पाइपांच्या एजन्सीत चिकटवायचं होतं. आता यादवच्या ओट्यावर बसून यादवच्या बायकोनं दिलेला चहा पिताना तो मान वर करेना. चहा नेहमीसारखाच होता. दुधाचा होता. त्यालाही तोच प्रश्न पडला, की दूध कुठून आलं? धनसिंगनं त्याच्या कानात सांगितलं, शेजारच्या गवळ्याच्या म्हशीला कमलबाई दोन महिने रोज गवताचा भारा आणून देत होती म्हणे. जीवरामनं बशी खाली ठेवली.

पाच वाजता चौरंग धुऊन पुसून ठेवला. मधल्या खोलीत सतरंजी अंथरली, तिच्यावर कोरं धोतर. त्यावर धान्य पडायचं. चार घरांचे चार कर्ते पुरुष बसले, बायका दाराशी. मोतीलालनं घसा साफ केला आणि सरळ विषयाला हात घातला.

बोलला तो बरं बोलला. आता काळ बदलला आहे. यादवच्या अडीच खोल्यांत कुणाला नीट बसता येत नाही, म्हातारीला पाय पसरता येत नाहीत. ज्याला झेपतं त्यानं करावं, ज्याला झेपत नाही त्यानं नुसतं यावं, पोटभर जेवावं, यात कमीपणा कसला? पोतं बाहेर आहे. तेच आत घ्यावं आणि दरवर्षीच देवी जळगावला बसू द्यावी. हे म्हणताना त्याचा आवाज थोडा भरून आला, आणि तो खरंच आला होता. आपल्या छताखाली सगळे एकदम जेवताना बघावेत, ही त्याची फार जुनी हौस होती. लहानपणी त्यानं उपास काढले होते. फक्त आपलं देणं दुसऱ्याच्या गळ्याशी कसं येतं, हे त्याला कधी कळलं नाही.

यादव अंथरलेल्या धोतराची सुरकुती सरळ करत राहिला. बोलायला गेला असता तर भांडणच झालं असतं. दाराशी कमलबाई उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत. धनसिंग म्हणाला, जीवरामदादा म्हणेल तसं. जीवराम म्हणाला, धनसिंग म्हणेल तसं. दोघंही सतरंजीकडं बघत राहिले.

कुणी हो म्हणेना तेव्हा मोतीलालला वाटलं, अजून थोडा जोर लावावा. आणि इथंच तो चुकला.

"बरं, हक्कानं बघा," तो म्हणाला. "देवी जिथं माणसं जास्त तिथं बसावी की नाही? यादवच्या घरी नावं पाच. जीवरामच्या नऊ, वहिनी धरून. धनसिंगच्या दहा. आणि माझ्या घरी सतरा! मुलं, सुना, नातवंडं धरून सतरा नावं आहेत कुळाला."

 तेवढ्यात दारातून केसरबाईचा आवाज आला.

"अठरा म्हणा. धाकट्या सुनेला दिवस गेलेत."

मोतीलालनं वळून पाहिलं. तीन महिने होईपर्यंत ही गोष्ट बाहेर फोडायची नाही, असं केसरबाईनंच घरात बजावलं होतं. ती त्याच्याकडं बघत नव्हती. ती कमलबाईच्या शेजारी जाऊन उभी राहिली होती.

"अठरा," मोतीलाल म्हणाला. सांगितलंय तर सांगितलंय, आकडा वाढला, त्याला बरंच वाटलं. "बघा, अठरा."

नर्मदाबाई भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. सगळ्यांना वाटलं होतं, डुलकी लागली.

"तुनं घर मोठं शे, मोती," ती डोळे न उघडता म्हणाली. "मंग अठरा नावसनं माप टाक."

मोतीलालला आधी कळलंच नाही. मग तो हसला. म्हणाला, वहिनी, आलोत तर आम्ही सहाच. त्यावर म्हातारीनं डोळे उघडले. सहा असतील तर हक्क सहाचा सांग, ती म्हणाली. अठरा असतील तर माप अठराचं. हक्काला पुण्याचा पोरगा धरायचा आणि मुठीला सोडायचा, असं देवीला चालत नाही. जुना नियम तोच होता, धनसिंग, तुझ्या बापानंसुद्धा सुरतेच्या पोरांचं टाकलं होतं का नाही? धनसिंग म्हणाला, टाकलं होतं. त्यानं एवढ्या मोठ्यानं सांगितलं की बाहेरच्या पोरांनी आत डोकावलं.

जीवरामनं पहिल्यांदा मान वर केली. "मग सगळ्यांच्याच नावांचं टाकू," तो म्हणाला. "माझं पोरगं नोकरीला लागो न लागो. नावं सगळी. आणि ज्याचं त्याच्या गव्हाचं."

हे बोलला आणि त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. मोतीलाल त्याच्याकडं बघतच राहिला. पण नाही कसं म्हणणार? अठरा हा आकडा त्यानंच चारचौघांत मिरवला होता. पोतं आत आलं. सगळ्यांसाठी म्हणून आणलेलं पोतं आता त्याच्याच घरच्या मुठींपुरतं उघडलं.

"मोठी माय, या," कमलबाई म्हणाली. माप नेहमी म्हातारीचंच.

नर्मदाबाईनं उजवा हात पुढं केला. बोटं अर्धवट वाकली आणि थांबली. तिनं पुन्हा प्रयत्न केला. तोंड वाकडं झालं. मग तिनं हात पदराखाली घेतला.

"यंदा मनी मूठ वळत नही," ती म्हणाली. "वातनं धरी लिधं शे. ज्याना त्याना कर्ता आपला हातनं माप टाकी."

बायकांनी हळहळून घेतलं. मग एकेक पुरुष पुढं झाला. यादवचा क्रम पहिला, पाळीवाला म्हणून. त्यानं रेशनचे लाल गहू पाच नावं घेऊन टाकले, मोजून सव्वासव्वीस मुठी. मापाड्याचा हात, एक मूठ दुसरीहून दाणाभर वेगळी नाही. धनसिंगचं झालं, जीवरामचं झालं. शेवटी मोतीलाल बसला.

आता मोतीलालचा हात ज्यांनी पाहिला नाही त्यांना कसं सांगावं! तरुणपणी हा माणूस केळीचे घड एका हातानं उचलायचा. एका मुठीत दुसऱ्याच्या दीड. पहिल्या दोन-तीन मुठी त्यानं जरा आवळून टाकल्या. चौथीला धोतरावर गव्हाचा ढीग पडला तेव्हा पोरांनी "बापरे" म्हटलं. त्यानं त्यांच्याकडं पाहिलं आणि नंतरच्या साऱ्या मुठी ओसंडून टाकल्या. हौशी माणूस! पुण्याच्या पोराचं नाव, सुनांची नावं, नातवंडांची एकेक करून. अठराव्या नावाला नावच नव्हतं. तो थबकला. मग म्हणाला, "येणाऱ्याचं", आणि त्याच्या सव्वापाच मुठी सगळ्यात मोठ्या पडल्या.

लाल, पिवळे, टपोरे, किडके, सगळे गहू धोतरावर एक झाले. नर्मदाबाईनं डाव्या हातानं ते कालवले.

यादवनं ते धोतर पोत्यात रिकामं केलं आणि पोतं उचललं. कोपऱ्यावरच्या चक्कीवाल्यानं रोटासाठी जातं धुऊन ठेवलं होतं. पोतं खांद्यावर आलं आणि यादवचा पाय उंबऱ्यातच थबकला. बावीस वर्षांत त्याच्या खांद्यानं कधी दोनशे ग्रॅमचीही चूक केली नव्हती. गेल्या वर्षी पारोळ्याला हेच पोतं त्यानंच उचललं होतं. अकरा किलो. यंदा वीस, वर थोडं. एवढं आलं कुठून? तो सारा रस्ता मनात मुठी मोजत गेला.

*

रविवारी कानबाई बसली. देवीच्या नारळाला डोळे-नाक आलं, नथ आली, वर पत्र्यावरच्या वेलाची फुलं आली. उणं काही पडलं नाही. खीर दोनदा फिरली. गंगाफळाची भाजी मोतीलालनं तीनदा मागून घेतली आणि प्रत्येक वेळी विचारलं, हिच्यात घातलंय काय? कमलबाईनं सांगितलं, काही नाही भाऊ, नुसती मेथी. सोमवारी पांझरेच्या पाण्यात देवी शिरवली, पोरींनी फुगड्या घातल्या, दुपारची पंगत झाली आणि माणसं निघायला लागली.

निघताना धनसिंग सगळ्यांदेखत म्हणाला, पाळ्या आहेत तशाच राहू द्या, काही बिघडलेलं नाही. मोतीलालनं चपला चढवल्या. मग म्हणाला, बरं, पुढच्या वर्षी माझी पाळी आहे, सगळ्या नावांनिशी या. उरलेल्या सिहोरच्या गव्हाचं पोतं, तूप, डाळ, गूळ, सगळं ड्रायव्हरनं परत व्हॅनमध्ये ठेवलं. इथंच ठेव म्हणून सांगावं असं मोतीलालच्या ओठांवर आलं होतं. केसरबाईनं त्याचा दंड धरला आणि त्याला गाडीत बसवलं. तिनं कमलबाईचा निरोप घेताना डब्यांच्या फळीकडं पाहिलंसुद्धा नाही. कमलबाईच्या ते लक्षात आलं. इतके डोळे असलेली बाई एकाच ठिकाणी बघत नाही म्हणजे तिनं तिथं पाहिलेलं आहे. क्षणभर तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मग केसरबाईनं तिचा हात दाबला आणि ती गाडीकडं निघून गेली.

घरात राहिलं उरलेलं पीठ. यादवनं पिशवी उचलली. साडेअकरा किलो. शुक्लपक्षातली दशमी चालू होती, पौर्णिमा येत्या रविवारी. पाच माणसं, सहा दिवस. हिशेब इतका नेमका बसला की त्याचं डोकं तापलं.

"हे भाऊनं केलं," तो कमलबाईला म्हणाला. "पोतं परत नेलं आणि मुठीतून दिलं. भीक ती भीकच."

"भाऊंना तर अजून कळलेलं नाही काय झालं ते," कमलबाई म्हणाली. "त्यांचे अठरा, आपले पाच. माणशी सव्वापाच, त्यांनाही आणि आपल्यालाही. यात भीक कुठली?"

"त्यांची मूठ केवढी, माझी केवढी!"

"मग दळायच्या आधी सांगायचं होतं." तिनं परातीत पीठ काढलं. लाल नाही, पिवळं नाही, नुसतं पीठ. "आता यातलं त्यांचं कोणतं ते निवडून द्या, मी बाजूला ठेवते."

यादवनं परातीतल्या पिठात बोट फिरवलं. तिनं परात त्याच्यापुढं तशीच धरून ठेवली होती. शेवटी तिनंच ती खाली ठेवली आणि म्हणाली, मोठ्या मायला स्टँडवर सोडून या, जीवरामदादा पोरांना घेऊन पुढं गेलेत.

म्हातारीला मोतीलालच्या व्हॅनमध्ये मळमळायचं, असं ती म्हणे. म्हणून एस.टी. यादव तिची पिशवी घेऊन तिच्या चालीनं चालत राहिला. मनात एकच गोष्ट घोळत होती. भाऊनं केलं नाही, तर केलं कुणी? नावांचं एक म्हातारी बोलली, ते खरं. पण नुसत्या नावांनी वीस किलो भरत नाहीत. नेहमीसारखी वहिनीची चिमुकली मूठ असती तर सगळी मिळून सोळाच्या वर गेली नसती. जो तो आपल्या हातानं टाकायला बसला, भाऊचा तो हात पडला, म्हणून वीस. आणि जो तो आपल्या हातानं बसला, कारण वहिनीला वातानं धरलं.

जळगावची बस लागली होती. जीवराम खिडकीतून हात करत होता. माणसांचा लोंढा दाराकडं सरकला. यादव म्हणाला, वहिनी, थांब, मी खालून आधार देतो, तुझा हात धड नाही.

नर्मदाबाईनं त्याचं ऐकलं नाही. तिनं उजवा हात वर केला, दाराजवळची लोखंडी दांडी पाची बोटांनी घट्ट पकडली आणि सत्तर वर्षांचं शरीर एका हिसक्यात वर घेतलं. मागचा कंडक्टरसुद्धा म्हणाला, "जोर आहे आजीत."

यादव खाली पिशवी घेऊन उभा. त्याची नजर त्या मुठीवरून हलेना. म्हातारीनं वळून पाहिलं, त्याची नजर कुठं आहे ते पाहिलं, पण हात काढून घेतला नाही.

"काय देखी राह्यना?" ती म्हणाली. "पिशवी दे. आनि पुनीलगून बठ्ठं सरनं पाहिजे. कोणले देवानं नही."

पौर्णिमेपर्यंत सगळं संपवायचं, कुणाला द्यायचं नाही, हे तिचं बजावणं ऐकत त्यानं पिशवी वर दिली.  त्याला हसू येत होतं आणि डोळेही भरले होते, दोन्ही एकदम, भर स्टँडवर. बावीस वर्षं काट्याला हात लावून बसलेल्या माणसाला एका म्हातारीनं मापात गंडवलं होतं.

बस फाटकाबाहेर गेली. यादव पायीच घरी आला. कमलबाईनं शेगडी पेटवली होती, पोरं पानावर बसली होती. तो हात धुऊन त्यांच्याशेजारी बसला आणि म्हणाला, "वाढ."